पाचव्या घरची साखर

देवीवर मी रुसले ते पंधराव्या वर्षी. त्या वर्षी मला मधुमेह निघाला. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे, लहान वयातला, ज्यात इन्सुलिनची सुई जन्मभर सुटत नाही. आमच्या कळंबच्या घरी तुळजाभवानीची परडी आहे. म्हणजे वेताची छोटी टोपली आणि कवड्यांची माळ, सासूकडून सुनेकडे येत गेलेली. इतक्या पिढ्या जिची सेवा केली तिनं आमच्याच घरी हे दुखणं का पाठवावं, असा माझा प्रश्न होता. तेव्हापासून नमस्कार करायचे, पण मनातून नाही.

परडीवर तर माझा राग आधीपासूनच होता. नवरात्रातल्या शुक्रवारी आई कवड्यांची माळ घालून, परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायला जाते. "आईराजा उदो उदो" म्हणायचं, दार उघडणाऱ्या बाईला हळदीकुंकू लावायचं, तिनं परडीत मूठभर पीठ घालायचं, आणि पाच घरच्या त्या पिठाचा नैवेद्य करायचा. लहानपणी मीही मागे मागे जायचे. वडिलांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत, घरात धान्याच्या पोत्यांची थप्पी, आणि आम्ही दारोदार पीठ मागतोय! बारा वर्षांची असताना एका दारात वर्गातली स्वाती उभी दिसली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी आईशी भांडले, आपल्याला काय कमी आहे म्हणून मागायचं? आई पीठ चाळत शांतपणे म्हणाली, "पोटासाठी न्हाय गं मागत आपण. मान वाकवायची सवय ऱ्हावी म्हणून मागायचं." मला ते पटलं नाही. त्यानंतर मी कधी तिच्यासोबत गेले नाही.

पुढे मी शिकायला जर्मनीला गेले. तिथं माझ्या आजाराबद्दल मी कुणालाही सांगितलं नाही. बाथरूममध्ये जाऊन सुई टोचायची, जेवायला उशीर झाला तर गुपचूप बिस्किट खायचं. कुणी कीव केलेली मला चालत नाही. नाकावर माशी बसू देत नाही, असं माझा भाऊ म्हणतो, आणि ते खरं आहे.

एका वर्षी नवरात्राच्या पहिल्या दिवशी शुक्रवार होता आणि मला कॉलेजला सुट्टी होती. एकटीनंच पहाटेच्या बसनं प्राग बघायला जायचं मी ठरवलं. आदल्या संध्याकाळी आईचा फोन आला. दरवर्षी सांगते तेच तिनं सांगितलं, "उद्या घट बसतेत. तुझा उपास मी धरते, तू येळेवर खा." आमच्याकडे उठता-बसता उपवास, म्हणजे घट बसतात आणि उठतात त्या दोन दिवसांचा, घरातल्या सगळ्या बायका करतात, आणि आजारी पडल्यापासून मला एकटीलाच ताट वाढून बसवलं जातं. इतकी वर्षं ते मला खुपत होतं. मनात आलं, इथं मला अडवणारं कोण आहे? मी आईला "हो" म्हणाले आणि सकाळी इन्सुलिन मात्र रोजच्याइतकंच घेऊन, एक केळं खाऊन उपवास धरला. देवीवर रुसलेल्या मुलीनं उपवास कशाला करावा, असं कुणी विचारेल. ती भक्ती नव्हतीच, निव्वळ हट्ट होता. सुई घेतल्यावर पोटात अन्न लागतंच, हे मला पहिल्या वर्षापासून पाठ आहे. तरीही केलं.

प्राग मात्र फार सुंदर निघालं. पाठीवरची जड सॅक मी बसस्टँडच्या लॉकरमध्ये ठेवली आणि छोटी पर्स गळ्यात अडकवून मोकळ्या हातांनी हिंडले. दगडी पुलावरचे काळे पडलेले पुतळे बघितले, चौकातल्या जुन्या घड्याळाखाली माना वर करून उभ्या असलेल्या माणसांत मीही उभी राहिले. आमच्याकडे यात्रेत जशी गर्दी असते तशी गर्दी, पण आवाज नाही. मग किल्ल्याकडे चढून गेले, आणि गर्दीचा कंटाळा आला म्हणून मागच्या बाजूनं जी वाट दिसली ती धरली. चांगली तासभर चालले. दुकानं संपली, ट्रॅमचा रस्ता मागे राहिला, आणि बसक्या घरांची, अंगणात सफरचंदाची झाडं असलेली एक निवांत गल्ली लागली.

तिथं पहिल्यांदा हात थरथरले. पाठोपाठ घाम फुटला. साखर उतरत होती, हे मला लगेच कळलं. पर्समध्ये हात घातला आणि आठवलं की ग्लुकोजच्या गोळ्या, बिस्किटं, साखर तपासायचं यंत्र, सगळं लॉकरमधल्या सॅकमध्ये आहे. तेवढ्यात बाबागाडी ढकलत एक तरुण बाई समोरून आली. माझ्या चेहऱ्याकडे बघून ती थांबली आणि इंग्रजीत तिनं विचारलं, बरं वाटत नाहीये का? आणि मी, देवा, मी हसून म्हणाले की मी अगदी ठीक आहे. ती निघून गेली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असणार.

ती वळणावर दिसेनाशी झाली आणि गल्ली पूर्ण रिकामी झाली. पायांतलं बळ जाऊ लागलं. फोन काढला तर पडद्यावरची अक्षरं पोहत होती, काय दाबायचं तेच सुचेना. अशी अवस्था आणखी थोडी लांबली तर माणूस बेशुद्ध पडतं, आणि एकटं असेल तर उठतही नाही, हे मला डॉक्टरांनी बजावलेलं होतं. आई कळंबमध्ये माझ्या नावाचा उपवास धरून बसली असेल, एवढं एकच मनात स्पष्ट होतं. मग मी कधी केलं नव्हतं ते केलं. भिंतीला धरत धरत दारं वाजवायला लागले.

पहिल्या घरी कुणी नव्हतं. दुसऱ्या घरी बेलच्या जाळीतून एक पुरुषी आवाज त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला आणि बंद झाला. तिसऱ्या घरी खिडकीचा पडदा हलला, पण दार उघडलं नाही. चौथ्या घरी एका बाईनं दार किलकिलं केलं, माझा अवतार पाहिला आणि घाबरून लावून घेतलं. तिचा मला आजही राग नाही. पुढच्या घराला तीन पायऱ्या होत्या. त्या मी हातांवर चढले.

दार एका म्हातारीनं उघडलं. पोटाशी एप्रन, कोपरापर्यंत पिठानं भरलेले हात. मला कुठलीच भाषा आठवेना. मी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली आणि मराठीतच म्हणाले, "आई, थोडी साखर द्या."

तिला मराठी कळायचं कारण नव्हतं. पण माझ्या कपाळावरचा घाम, थरथरती ओंजळ तिनं एकदा पाहिली आणि क्षणभरही न थांबता ती आत गेली. साखरेचं भांडं घेऊन आली आणि चमच्यानं नव्हे, मुठीनंच माझ्या ओंजळीत साखर घातली. मी तिथंच उंबऱ्यावर बसून ती चाटून खाल्ली. मग तिनं मला आत नेऊन जॅम लावलेला पाव खायला घातला आणि कपाटातून एक यंत्र काढलं. माझ्याकडे आहे तसंच, साखर तपासायचं. सराईतपणे तिनं माझं बोट टोचलं, आकडा बघून मान हलवली, आणखी एक पाव दिला. भिंतीवर एका वृद्धाचा फोटो होता, त्याच्यापुढे छोटी मेणबत्ती. तिनं यंत्राकडे बोट दाखवलं, मग फोटोकडे. तो गेल्यावरही ते यंत्र तिनं का ठेवलं होतं, ते तीच जाणे. मी रडायला लागले तेव्हा ती शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तासाभरानं तिनं स्वतः मला ट्रॅममध्ये बसवून दिलं. परतीच्या बसमध्ये तळहाताकडे लक्ष गेलं तर रेषांमध्ये अजून पीठ होतं, तिच्या मुठीतलं. आणि मग मी मनातल्या मनात दारं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. शुक्रवार होता. माझी दोन्ही हातांची ओंजळ होती आणि तिच्या पिठाच्या हातातलं दान होतं. यात चमत्कार होता की योगायोग, हे मी ठरवत नाही, ठरवण्याची माझी लायकीही नाही. बारा वर्षांची असताना जे मागणं मी नाकारलं होतं, तेच मागून मी जगले, एवढं मला माहीत आहे.

रात्री आईला फोनवर सगळं खरं सांगितलं. ती रागवेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही. मी म्हणाले, "आई, चार घरांनी दारच उघडलं नाही गं." तेव्हा ती म्हणाली, "आसं म्हणू न्हाय बाई. ती उघडली आसती तर साखर मिळाली आसती, पर मशीनवालं घर मिळालं नसतं. त्या चौघांनीच तुला म्होरं धाडलं." मग हलकेच म्हणाली, "उपास मोडला म्हणून वाईट वाटून घेऊ नको. मी धरलाय की."

दुसऱ्याच दिवशी मी खोलीतल्या मैत्रिणीला माझा आजार सांगितला, साखर कुठं ठेवते ते दाखवलं. सांगताना वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. "आधी का नाही सांगितलंस?" एवढंच ती म्हणाली.

यंदा नवरात्रात मी घरी आले आहे. काल शुक्रवारी आई देवघरातून परडी घेऊन निघाली तेव्हा मी ती तिच्या हातातून मागून घेतली. तिनं कवड्यांची माळ काढून माझ्या गळ्यात घातली. पहिलं दार मी मुद्दाम स्वातीचंच निवडलं. ती माहेरी आलेली आहे, कडेवर तिचं बाळ होतं. मला बघून ती थबकली. मी तिला हळदीकुंकू लावलं आणि परडी पुढे केली. "आईराजा उदो उदो" म्हणताना आवाज जरा फाटला, पण निघाला. तिनं ओंजळभर पीठ परडीत घातलं, आणि माझी मान कुणी न सांगता खाली वाकली.