इंदूच्या समुद्रातलं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, देवाला तर नाहीच. तसा मी बोलका माणूस. बीबी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि घरात मी म्हणेन ती पूर्व दिशा. चुकलो असं अजूनही सहसा म्हणत नाही. पण ही एक गोष्ट — ऐका.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. दिवाळीची सुट्टी संपवून आमच्या शाळेतले कोकणातले एक मास्तर दुधाच्या कॅनमधून समुद्र घेऊन आले. खरंच — खारं पाणी, दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासे, शंखात राहणारा खेकडा आणि दगडाला चिकटलेली समुद्रफुलं. वाटेत सायकलच्या पंपानं पाण्यात हवा भरत आले होते. मी लोहाराकडून चौकट करून घेतली, काचा बसवल्या, सांधे डांबरानं भरले आणि ओसरीवर पेटी मांडली. गाव बघायला लोटलं. समुद्र कुणी पाहिला होता? मी तरी कुठं पाहिला होता? पण माहिती मीच सांगत होतो.

सांभाळत मात्र होती इंदू, माझी धाकटी बहीण. मॅट्रिकला होती. सकाळ-संध्याकाळ पंप मारायची, माशांनी टाकलेलं खाणं वेचून काढायची. तिला पुढं बुलढाण्याला विज्ञान शिकायचं होतं. बाबा हसत म्हणाले होते, "संक्रांतीपर्यंत हे जीव जिते ठेवून दाखव, मंग पाठवतो तुले." हसत म्हणाले, पण बाबा बोलले की बोलले.

पाणी रोज थोडं उतरायचं. इंदू त्यात आडाचं गोडं पाणी घालायची. मला ते पटेना — समुद्रात गोडं पाणी?

ती म्हणाली, "दादा, पाणी उडते, खार तसाच राह्यते. लोणारच्या काठाले नाही का पांढरी खपली पडत?"

बरोबर होतं तिचं. आणि — हेही सांगून टाकतो — मला ते तेव्हाच कळलं होतं. पण मास्तरला मॅट्रिकच्या पोरीनं शिकवायचं?

संक्रांतीला आठवडा होता. मी रजा टाकली, एसटीनं लोणारला गेलो, सरोवराचं पाणी कॅनभर आणलं आणि इंदू शाळेत असताना पेटीत ओतलं. खारं ते खारं. त्या पाण्यात मासा जगत नाही हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. मी दीडशहाणा. ती घरी येईपर्यंत मासे उलटे झाले होते, खेकडा शंख सोडून बाहेर पडला होता.

बाबांनी विचारलं, काय झालं. आणि मी लगेच म्हणालो, "इंदूनं धुण्याच्या सोड्याचा हात बुडवला असंल."

कुठून आलं हे वाक्य? मी ते ठरवलेलंही नव्हतं. इंदूनं पेटीत दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर चोळून पाहिली. साबणासारखं बुळबुळीत — लोणारचं पाणी तसंच लागतं हाताला. माझ्याकडं पाहिलं. 

"चार जीव नाही सांभाळले," बाबा म्हणाले, "कॉलेज काय सांभाळते?"

तेव्हाही बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी पेटी उचलून मागच्या अंगणात नेऊन रिकामी केली. उन्हाळ्यात इंदूचं लग्न लागलं, धामणगाव बढ्याला. अक्षता मीही टाकल्या.

पुढं बऱ्याच वर्षांनी तिच्याकडं गेलो होतो. पापडांचे दिवस होते. परातीशेजारी वाटीत पापडखार भिजवलेला, लोणारचाच. तिनं त्यात दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर चोळली — अगदी तशीच — आणि वाटी माझ्यापुढं सरकवली.

"पाह्यना दादा. ओळखीचं वाटते का हे पाणी?"

आवाजात राग नव्हता. घरात आम्ही दोघंच होतो. मी बोटं बुडवली.

"नाही," म्हणालो.