चिनोराचा एक दाणा

"जुना आनला का?"

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधीच हा प्रश्न यायचा. नमस्कार नाही, बसा नाही. चंद्रपूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत भाऊंचं जुन्या गाड्यांच्या पार्टचं दुकान होतं. कोणी म्हणालं, "भाऊ, अमक्या गाडीचा अमका पार्ट द्या," की ते हात पुढे करत. त्या हातावर खराब झालेला जुना पार्ट ठेवला तर पुढचं बोलणं. नाही ठेवला तर ते पुन्हा आपल्या कामाला लागत. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. पहिल्या भेटीत त्याचा राग येतो.

मला तर फारच आला होता. मी आरमोरीच्या शाळेत गणित शिकवायची, आणि प्रश्न विचारायचा तो मी, उत्तर द्यायचं ते समोरच्याने, ही माझी वीस वर्षांची सवय.

पण गरज माझी होती. ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नागपूरला न्यावं लागे, म्हणून आम्ही एक जुनी गाडी घेतली आणि मी चाळिशीनंतर चालवायला शिकले. त्या उन्हाळ्यात गाडीने रंग दाखवले. तासभर नीट चालायची आणि नागभीडच्या पुढे ऐन जंगलात बंद पडायची. अर्धा तास थंड झाली की जणू काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. एकदा पोचायला इतका उशीर झाला की ह्यांची मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेली. घरी येईपर्यंत पाय सुजून खांबासारखे झाले होते.

आरमोरीच्या मिस्त्रीने इंजिनाजवळचा एक सेन्सर खराब ठरवला. मी नागपूरहून गाडीचं मॉडेल आणि साल सांगून नवा आणला. बसला बरोबर, पण गाडी सुरूच होईना. दुसरा आणला, तीच गत. मग ह्यांना एसटीने नेऊ लागले. परतीच्या गर्दीत ह्यांच्या हातात दांडा धरण्याइतकीही ताकद नसे. तेव्हा कोणीतरी चंद्रपूरच्या भाऊंचं नाव सांगितलं.

मी दोन्ही नवे सेन्सर त्यांच्यासमोर ठेवले.

"हे नवे झाले. जुना कुठी आहे?"

"मिस्त्रीने फेकला."

"काऊन फेकला?"

"खराब होता म्हणून!"

"खराब झाला तरी तुमच्याच गाडीचा ना, बाई? त्याले घेऊन या."

मी तणतणत परतले. दुसऱ्या दिवशी शाळेची मुख्याध्यापिका, म्हणजे मी, पदर खोचून गॅरेजमागच्या उकिरड्यात मिस्त्रीबरोबर जुन्या तेलाने काळ्या झालेल्या चिंध्या उपसत होते. रस्त्याने जाणारे पालक अदबीने "नमस्कार, बाई" म्हणत होते आणि अदबीनेच काही विचारत नव्हते. तासाभराने बोटाएवढा तो सेन्सर सापडला.

चंद्रपूरला भाऊंनी तो पुसला, वास घेतला, डोळे मिटले. मग शेजारच्या टपरीवरून उकळत्या पाण्याचा पेला मागवला, सेन्सरला मीटरच्या तारा लावल्या आणि त्याचं टोक पाण्यात बुडवलं. काटा हळूहळू खाली आला आणि मेला. बाहेर काढून फुंकर घातली, तर थोड्या वेळाने काटा पुन्हा उठला.

"पाह्यलं? गरम झाला का बेसुद, थंडा झाला का उठून बसला. मिस्त्री खोटं नव्हता बोलत बिचारा."

मग त्यांनी गल्ल्यातून एक डबी काढली. डबीत आपल्याकडचा चिनोर तांदूळ होता. काउंटरच्या काचेवर त्यांनी जुना आणि नवा सेन्सर शेजारी शेजारी उभे केले, नव्याच्या डोक्यावर तांदळाचा एक दाणा आडवा ठेवला आणि वरून पट्टी फिरवली. पट्टी जुन्याला आणि दाण्याला एकदमच टेकली.

"एका चिनोराच्या दान्यानं कमी. इंजिनातल्या चाकाच्या दात्याजवळ पोचतच नाई तो, तं गाडीले कसं समजन? कंपनीनं त्या साली मधातच चाक बदलवलं. दोन्ही गाड्या बाहेरून जुळ्या."

मी आयुष्यभर भूमिती शिकवली, पण मोजणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

"मग लांब सेन्सर मिळेल कुठे?"

ते उठले आणि भर दुपारी आतून शटर खाली ओढलं. मी दचकलेच. त्यांनी दिवा लावला. शटरच्या आतल्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, तेलखडूने लिहिलेलं होतं. 'मूल. नाल्यात पडली. इंजिन गेलं, दरवाजे चांगले.' 'सिंदेवाही. मालक वारला, उभी आहे.' दोन जिल्ह्यांतली प्रत्येक मेलेली, थकलेली, टेकीला आलेली गाडी तिथे होती. मी आ वासून उभी राहिले. एका माणसाला एवढं ठाऊक असू शकतं!

त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. 'चिमूर. पांढरी. रानडुकरानं ठोकली. मागचं शाबूत.'

"हे तुमच्या गाडीची जुळी. नाक गेलं तिचं, पन सेन्सर इंजिनाच्या मागं राह्यते. वाचला असन."

तिसऱ्या दिवशी ते स्वतः आरमोरीला एसटीतून उतरले. शर्टाच्या खिशात, रुमालात गुंडाळलेला सेन्सर. बसवला, गाडी सुरू झाली. मी हात जोडले, तर म्हणाले, "थांबा. गरम तं होऊ द्या." मे महिन्याच्या उन्हात त्यांनी मला वडसापर्यंत आणि परत अशी गाडी चालवायला लावली. स्वतः शेजारी घाम पुसत बसून होते. परत आल्यावर त्यांना ओसरीत खाटेवर बसलेले हे दिसले. भाऊ त्यांच्याकडे जरा वेळ पाहत राहिले.

"आता जाजा नागपूरले," एवढंच बोलले.

त्यानंतर अडीच वर्षं, आठवड्यातून दोनदा, आम्ही त्या जंगलातून गेलो. गाडी एकदाही थांबली नाही. हे गेले ते रस्त्यात नाही, घरी, आपल्या खाटेवर, माझा हात धरून. त्याबद्दल ऋण मी कोणाचं मानते ते सांगायला नको.

मग गाडी अंगणात तशीच उभी राहिली. वर्षभराने एक तरुण शेतकरी दारात आला. बराच वेळ चपलेशी चाळा करत होता.

"भाऊ वारले, बाई. मागच्या महिन्यात. त्यांचा पोरगा दुकान खाली करून राह्यला. शटरवर तुमच्या गाडीचं लिवलं होतं."

"काय लिहिलं होतं?"

"'आरमोरी. बाईची. चालू आहे, मागू नये.'" तो खाली पाहत म्हणाला. "मागू नये लिवलं होतं, तरी आलो. माझी गाडी तुमच्या गाडीची जुळी, जंगलात बंद पडते. बायकोले आठवा महिना लागला. दुसरा सेन्सर कुठीच भेटून नाई राह्यला."

त्या शटरवर आम्ही मेलेल्यांत नव्हतो.

मी आत गेले, चिनोराच्या डब्यातून चिमूटभर दाणे घेतले, बाहेर आले आणि त्याच्यापुढे हात केला.

"जुना आणलास का?"