दीर्घिका झाली!

काशीत भोसले घाटाच्या गल्लीत आमच्या शेजारी एक तरुणी राहायची, विद्यापीठात खगोलशास्त्र शिकवायची. चालताना पुटपुटायची आणि वाट अडवून बसलेल्या गायीलाही "जरा सरकता का?" म्हणायची. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. आईने "कशी आहेस गं?" विचारलं, की उत्तर ठरलेलं, "गॅस फार लवकर थंड होतोय, काकू." आईने एकदा आमचा भरलेला सिलिंडरच तिच्याकडे पाठवला.

ती कॉम्प्युटरवर दीर्घिका घडवू पाहत होती, आपल्या आकाशगंगेसारखी, अब्जावधी ताऱ्यांची. पण दर वेळी सगळा वायू थंड होऊन मध्यभागी कोसळायचा आणि फिरत्या चकतीऐवजी नुसता गोळा उरायचा. सोबतचे लोक विषय बदल म्हणत होते.

एका सकाळी ती अनवाणीच धावत आली. "काकू, झाली! दीर्घिका झाली!"

"अगंबाई! नाव गोड आहे. कुणाला झाली?"

"मला!" म्हणत ती हसत हसत उंबऱ्यावरच बसली आणि सांगू लागली. फुटणारे तारे भोवतालचा वायू तापवून बाहेर ढकलतात. ती उष्णता गणितात नीट धरल्यावर वायू सावकाश आत आला आणि चकती टिकली.

आईला किती कळलं कोण जाणे. तिने तिला कुंकू लावून हातावर साखर ठेवली. साखर तोंडात टाकून ती घाटाकडे पळाली आणि दिसलेल्या पहिल्याच नावाड्याला ओरडून म्हणाली, "भैया, हो गई!"

काय झालं ते न विचारताच तो म्हणाला, "बधाई हो, बहिनजी! मिठाई कब?"