सत्य घटनेवर आधारित

कथामालिकेच्या नावाखाली येणारी ती ओळ गीतांजली नंदेश्वर हिने लिहिली नव्हती. तिने ती फक्त मान्य केली होती. पुढे जे घडले त्याची जबाबदारी ठरवताना हा फरक कितपत धरावा, याविषयी तिच्या मनात आजही गोंधळ आहे. ज्या दोन स्त्रियांना त्या ओळीचे परिणाम भोगावे लागले, त्यांच्या लेखी मात्र असा काही फरक नव्हताच.

गीतांजलीचे वडील धोंडबा रामटेके भंडारा जिल्ह्यातून भिलाईला आले आणि निवृत्त होईपर्यंत पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनवर, दगडी कोळशाच्या भट्ट्यांवर, कामाला राहिले. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत छत्तीसगढी अशा तीन भाषांत ती वाढली. कारखान्याच्या वसाहतीतील त्यांच्या सेक्टरच्या बाजारात भाड्याने पुस्तके देणारे एक दुकान होते. प्रेम, खून, बंगल्यातील बंद खोली, शेवटच्या पानापर्यंत न कळणारा अपराधी, अशा मजकुराची मळकी पुस्तके ती तेथून आणी आणि अभ्यासाच्या वहीत लपवून वाची. लग्न होऊन भिलाईतच जुनवानीला आल्यावर सकाळी नेहरू नगरमधील शिकवणी वर्गात मुलांना हिंदी शिकवायचे आणि दुपारी स्वयंपाकघरातील टेबलावर लिहायचे, असा तिचा क्रम बसला. नवरा कमलेश कारखान्यात इलेक्ट्रिशियन. त्याचा विरोध नव्हता, कुतूहलही नव्हते.

पहिली कादंबरी तिने मराठीत लिहिली. एक परिचारिका, तिच्यावर जीव टाकणारा रुग्ण, आणि त्याच रुग्णाचे नाहीसे होणे, असे तिचे कथानक होते. पुरोगामी साहित्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या नागपूरच्या एका प्रकाशकाचा फोन आला.

"ताई, लेखणी चांगली आहे तुमची. पण हे प्रेम, खून, रहस्य... आपल्या समाजाच्या लेखिकेकडून वाचकाची अपेक्षा निराळी असते. आत्मकथन आहे का? जे भोगलं ते लिहा."

"मी तसं फार काही भोगलं नाही, सर."

"वडिलांनी भोगलं असेलच की."

हे संभाषण क्रूर नव्हते, आणि त्यामुळेच त्याला उत्तर देणे अवघड होते. आपल्या साहित्यव्यवहारात काही लेखकांना कल्पना करण्याचा हक्क जन्मतः मिळतो. काहींना केवळ साक्षीदार म्हणून प्रवेश मिळतो. वस्तीतल्या मुलीला एखादा बंगला, त्यातील जिना आणि जिन्यावरची चाहूल निव्वळ मनाने उभी करावीशी वाटते, हे त्या सद्‌हेतूने बोलणाऱ्या प्रकाशकाला सुचलेच नाही. आणखी दोघांनी अशाच अर्थाचे कळवले. मग गीतांजलीने मराठी सोडली आणि मोबाइलवर कथा ऐकवणाऱ्या एका कंपनीसाठी हिंदीत लिहू लागली. तिच्या पहिल्या दोन मालिका अर्ध्यावर बंद पडल्या.

कंपनीचा संपादक शुभंकर दिल्लीकडचा, वयाने तिच्याहून बराच लहान होता. तो एकदा म्हणाला, "मैडम, आपकी कहानी में डर है, पर घर का डर नहीं है. सुनने वाली को लगे कि ये मेरे बगल वाले मकान में हुआ. कुछ असली लाइए ना."

नागपूरने जे मागितले तेच दिल्लीने मागितले. या वेळी तिच्याजवळ देण्यासारखे काही होते, पण ते तिचे नव्हते.

हर्षा ही तिची लहानपणची, सेक्टरमधली शेजारीण. तिचे सासर दुर्गला बोरसीत. नवरा नरेश रेल्वेत होता. काविळीने तो गेला. नोकरीत असताना वारलेल्याच्या विधवेला त्याच्या जागी नोकरी मिळण्याची तरतूद रेल्वेत आहे. पण घरातील इतर वारसांची हरकत नसल्याचे लेखी द्यावे लागते. हर्षाच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच होता की सासू सिंधुताईने कागदावर अंगठा उमटवायचा. आज ना उद्या ती देणार होती. त्या भरवशावर हर्षा आणि तिची शाळेत जाणारी मुलगी दिवस काढत होत्या.

एका दुपारी जुनवानीत भाजी निवडता निवडता हर्षा बोलली होती. "गीताताई, एक गोष्ट कोनाले सांगतली नाही. त्या सकाळी त्यायले काढा मीनंच पाजला. दोन घोट घेतले, तिसऱ्याले उलटी झाली. मंग दवाखान्यात पोचाच्या आधीच..."

"डॉक्टर तं म्हणाला ना, लिव्हर आधीच गेलं होतं?"

"म्हणाला. पन माह्या हातानं गेला ना तो पेला. कोनाजवळ बोलजो नोको, ताई."

गीतांजली कोणाजवळ बोलली नाही. तिने लिहिले. कथेतील नायिका एका इंजिनियरची पत्नी झाली, दुर्गचे रायपूर झाले, नवऱ्याचा एक देखणा मित्र कथेत आला आणि नायिकेचे त्याच्यावर प्रेम जडले. काविळीने झुरणाऱ्या नवऱ्यासमोर ती काढ्याचा पेला धरते, आणि पुढील सारी मालिका त्या पेल्यात काय होते याचा शोध घेते. नाव ठेवले 'तीसरा घूँट'. शुभंकरने प्रारंभीचे भाग ऐकून विचारले, "ये सच है?" ती म्हणाली, "थोडा." तेवढ्यावर नावाखाली ओळ चढली: 'सच्ची घटना पर आधारित'. तिने पाहिली आणि हरकत घेतली नाही. अनेक वर्षांत प्रथमच तिचे नाव कोणीतरी मोठ्या अक्षरांत लिहिले होते.

मालिका चालली. शिकवणी वर्गातील मुलांच्या आया तिला थांबवून पुढे काय होणार ते विचारू लागल्या. एका हिंदी प्रकाशनाने ती पुस्तकरूपात काढण्याचे ठरवले. मुखपृष्ठाचा नमुना आला, त्यावर तिचे पूर्ण नाव होते आणि त्याखाली तीच ओळ. कमलेशने तो नमुना कारखान्यात सगळ्यांना दाखवला. बुद्धविहाराच्या समितीने रविवारच्या वंदनेनंतर तिचा सत्कार ठरवला.

त्याच सुमारास बोरसीच्या घरात सिंधुताईची धाकटी मुलगी खुशबू स्वयंपाक करताना मोबाइलवर मालिका लावून ठेवत असे. सिंधुताईला वाचता येत नसे, पण ऐकायला आवडे. नायिकेला ती रोज शिव्या देई आणि दुसऱ्या दिवशी, "लाव वो त्या रांडेची गोष्ट," असे स्वतःच म्हणे. मग काढ्याचा भाग आला. सिंधुताईने पोळी लाटता लाटता हात थांबवला. खुशबूने आईकडे पाहिले. त्या सकाळी काढा दिला गेल्याचे त्या घराबाहेर कोणालाच ठाऊक नाही, असे दोघी समजत होत्या.

दुसऱ्या दिवशी सिंधुताईने अंगठा देणार नाही म्हणून सांगितले.

हर्षा जुनवानीला आली ती चपला न काढता दारातच उभी राहिली.

"तुमी मले खुनी केलं, ताई."

"हर्षा, ती तू नाहीस. ती बाई वेगळी आहे, तिचं घर वेगळं..."

"पेला माह्या हाय. तीन घोट माह्ये हायेत. खाली लिवलं हाय खरी गोष्ट म्हनून. काकसासरे परवा घरी आले, म्हनते पोलिसात जाऊ का? सासूमाय काहीच बोलली नाही. तोंड फिरवून बसली."

"मी येते. मावशीशी बोलते."

"काय बोलान? खोटं लिवलं म्हनान? मंग पुस्तक कसं निंघन तुमचं?"

प्रश्न उपरोधाने विचारला होता, पण तो अचूक होता. गीतांजलीने शुभंकरला फोन करून ती ओळ काढण्याची विनंती केली.

"मैडम, वही तो बिक रहा है. प्रकाशक ने भी उसी पे हाँ की है. आप अब बोलेंगी कि सब झूठ है, तो किताब गई. और सीरीज़ तो कंपनी की है, कॉन्ट्रैक्ट में लिखा है. आप नहीं लिखेंगी तो कोई और लिखेगा."

ती बोरसीला गेली तेव्हा सिंधुताई अंगणात गव्हातले खडे काढत होती. तिने खुशबूला आत पाठवले.

"बस, पोरी. मोठी लेखिका झाली म्हनते तू."

"मावशी, ती गोष्ट मी मनानं रचली. हर्षानं काही केलं नाही."

"मले मालूम हाय तिनं काही केलं नाही."

गीतांजलीला उलगडा झाला नाही. "मग अंगठा कावून देत नाही तुमी?"

सिंधुताईने सूप खाली ठेवले. "पुडी मीनं आनली होती. गावाकडच्या वैदाची. डॉक्टरनं नाही म्हटलं होतं, तरी आनली. उकळला मीनं. तिनं फक्त पेला नेऊन देल्ला, मीनं सांगतलं म्हनून. अन् तुह्या गोष्टीत रोज इचारते, त्या पेल्यात काय होतं, काय होतं. रोज! पोट्टी लावते अन् मले घाम फुटते. कागदावर आंगठा देल्ला, साहेबानं इचारलं तुमचा पोरगा कसा मेला, तं काय सांगू?"

"काढ्यानं नाही गेला नरेशभाऊ. डॉक्टरनं सांगितलं होतं."

"डॉक्टरनं एकदाच सांगतलं. तू रोज सांगतेस."

कल्पितकथेचे सामर्थ्य कशात असते याविषयी समीक्षेत बरेच लिहिले गेले आहे. ते सामर्थ्य निरक्षर म्हातारीच्या चुलीजवळ असे पोचते तेव्हा त्याला कोणती संज्ञा द्यावी, हे तेथे सापडत नाही. वैद्यकीय निदानापेक्षा एका रचलेल्या कथेवर सिंधुताईचा अधिक विश्वास बसला होता, कारण कथेवर खरेपणाचा शिक्का होता आणि निदानावर नव्हता.

निघताना सिंधुताईने अट घातली. "रविवारी इहारात तुह्या सत्कार हाय. सगळे येतीन, हर्षाचे काकसासरेही. तिथं सगळ्याइसमोर उभी राहून सांग, खोटं हाय म्हनून. मंग देतो आंगठा."

शिक्षितांच्या दृष्टीने ही अट वेडेपणाची होती. पण कारखान्याच्या आणि रेल्वेच्या आधाराने परमुलखात वसलेल्या या समाजाला न्यायालय परवडत नाही, आणि वर्तमानपत्र त्याचे नाव घेत नाही. वंदनेनंतर विहारात चारचौघांपुढे जे बोलले जाते, तेच त्याच्यापुरते नोंदले जाते. लग्ने तेथे ठरली आहेत, भांडणे तेथे मिटली आहेत. सिंधुताईला दुसरी जागा ठाऊक नव्हती.

रविवारी वंदना झाली. अध्यक्ष बळीराम मेश्राम यांनी शाल हातात घेऊन म्हटले, "आपल्या समाजाची लेक पूर्ण देशात गाजून राहिली." टाळ्या झाल्या. गीतांजलीने शाल घेतली नाही.

"मला एक सांगायचं आहे. माझ्या गोष्टीच्या खाली खरी घटना असं लिहिलं आहे. ते खोटं आहे. असं कोणत्याही घरात घडलेलं नाही. कोणत्याही बाईनं कोणाला काही पाजलेलं नाही. मी रचलं, आणि खरं म्हणून विकू दिलं. मी माफी मागते."

मग बायकांच्या बाजूने एक आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "कोनाच्या घरचं म्हनून राहिली ही?"

"अवो, बोरसीचं असन. नरेश नाही का गेला काविळीनं?"

"हो का माय! तरीच..."

दोन ओळी मागे हर्षा बसली होती. माना एकेक करून तिच्याकडे वळल्या. तोपर्यंत ही शंका तीन-चार नातेवाइकांपुरती होती. नाकारण्यासाठी जी गोष्ट उघड करावी लागली, ती आता सगळ्या विहाराची झाली. हर्षाने मुलीचा हात धरला, पण ती उठली नाही. उठून जाण्याचा अर्थ काय लावला जाईल हे तिला कळत होते. सिंधुताई समोर भगवंताच्या मूर्तीकडे पाहत बसून राहिली. तिने गीतांजलीकडे एकदाही पाहिले नाही.

पियूष नावाच्या एका तरुणाने ते भाषण मोबाइलवर टिपले होते, आणि संध्याकाळपर्यंत ते फिरत फिरत शुभंकरपर्यंत गेले. पुस्तक थांबले. कंपनीने मालिका दुसऱ्या लेखकाकडे सोपवली. ओळ तशीच राहिली, नायिकेला पुढे फाशी झाली, आणि ऐकणाऱ्यांची संख्या वाढली असे म्हणतात. कमलेशने कारखान्यात तो विषय काढणे सोडले, घरी एकदाच म्हणाला, "एवढे साल लिवलं, अन् नाव व्हायच्या वक्ताले बोलाची काय गरज होती तुले?"

सिंधुताईने शब्द पाळला आणि अंगठा दिला. काही महिन्यांनी हर्षाची नेमणूक झाली. रेल्वेच्या यार्डात हाताखालच्या कामाला ती जाते. सोबतच्या बायका तिच्याशी नीट वागतात. मात्र डबा खाताना तिने पुढे केलेली भाजी कोणी घेत नाही, आणि का घेत नाही हे कोणी बोलत नाही.

नेमणुकीचे पेढे घेऊन ती जुनवानीला आली होती. गीतांजलीने आत बोलावले, तर फाटकाबाहेरच थांबली.

"भेटली नोकरी, ताई. तुमी बोलल्या म्हनून भेटली, हे मी इसरनार नाही."

"हर्षा, मी..."

"थांबा, मले बोलू द्या. सासूमाय म्हनते, जाऊन पेढे देऊन ये, रीत हाय. म्हनून आली." तिने डबी फाटकाच्या वरून पुढे केली. "ड्युटीवर काय होते, घरी काय होते, तुमी आता इचारू नका. मीही सांगनार नाही. तुमच्याशिवाय मले दुसरं कोनी नव्हतं सांगाले. पन आता राहू द्या."

गीतांजलीने डबी घेतली. हर्षा रस्त्याकडे वळली तेव्हा तिने हाक मारली नाही.