आमच्यात एक ओळ जास्त

त्या गुरुवारी दुपारी आखातात, करामाच्या आमच्या खोलीत आम्ही दोघं बिरड्यासाठी वाल सोलत बसलो होतो. आमचं जोडीनं केलेलं ते शेवटचं काम. मुलगी समोर इतिहास पाठ करत होती, इंग्लंडच्या कुठल्याशा राणीचा. मी सातवीपर्यंत शिकलेला, म्हणून तीच मराठीत सांगायची. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले होते, तेव्हा राणीच्या राज्यात प्रभूभोजनाची भाकर देताना दोन्हीकडची वाक्यं एकापाठोपाठ म्हणायचं ठरलं. ज्याला जे पटेल ते त्यानं धरावं.

बायको हसली. ती वसईची कॅथलिक, मी नगरकडचा प्रोटेस्टंट.

"राणीचा नवरा कोण गं?"

"शी नेव्हर मॅरिड, मम्मी."

"तरीच जमलं तिला!"

टोमणा मला होता. लग्नापासून मी घरात रोझरी मोठ्यानं म्हणू दिली नव्हती. मरियेची माळ जपणं, मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं आमच्यात बसत नाही. ती स्वयंपाकघरात मनातल्या मनात म्हणायची. मला दिसायचं, मी पेपर वाचायचो. यालाच मी समेट समजत होतो. गाढव होतो.

संध्याकाळी ती ओट्यापाशी कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत खलास.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, तिकडचा सुट्टीचा आणि चर्चचा दिवस. सकाळीच तिच्या चर्चमधल्या बायका माळा घेऊन दारात आल्या. आत कुणी येईना, माझा स्वभाव त्यांना ठाऊक. मुलगी रडून सुजलेल्या डोळ्यांनी बघत होती. "पप्पा, प्लीज. फॉर मम्मी."

आता नाही म्हटलं असतं, तर बायकोपाठोपाठ पोरही हातची गेली असती.

"यल्ला, चला, आत या," मी म्हणालो. "आणि मोठ्यानं म्हणा."

मीही खाली बसलो. मरियेची प्रार्थना मला येत नव्हती. प्रभूची येत होती, ती त्यांच्याबरोबर म्हणू लागलो. त्या थांबल्या आणि मी एकटाच पुढं! राज्य तुझं, गौरव तुझं, ही शेवटची ओळ आमच्यात जास्त. त्यांच्यात त्याआधीच आमेन. मी जीभ चावली.

त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "थांबलात का भाऊ? पुरं करा की."

मग दर दहा मण्यांनी त्या माझ्यासाठी थांबायच्या. मी ती ओळ म्हणायचो, तिसऱ्या वेळेपासून मुलगीही म्हणू लागली, आणि माळ पुढं सरकायची.

बायका गेल्यावर मी मुलीला जवळ बसवलं. म्हटलं, "ती मरियेची प्रार्थना सावकाश सांग. उद्या परत येणार आहेत त्या."