वरच्या काकूंचा रातांबा

आमच्या घरमालकीणबाईंचा चेहरा आठवायचा तर माझी मान अजून आपोआप वर जाते. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे जिना उतरणं बंद. पण गॅलरीच्या कठड्याला रेलून खालच्या बागेवर त्यांचं राज्य अखंड चालू असे. मी नळाला पाइप लावायचा अवकाश, वरून आवाज आलाच. "अबोलीला आधी घाला हो, गाडी मग धुवा!" सगळी आळी त्यांना वरच्या काकू म्हणायची.

रत्नागिरीत बागेसकट भाड्याची जागा मिळवणं म्हणजे काय, ते ज्याने शोधली त्यालाच ठाऊक. मला ती आईसाठी हवी होती. देवरूखजवळच्या गावी ती एकटी राहायची, अंगणात घसरून पडली, तरी यायला राजी नव्हती. शेवटी एका अटीवर कबूल झाली. "मातीत हात घालायला मिळाला तर राहीन. नायतर पुढच्या एसटीने परत." नव्या फ्लॅटांमधून माती म्हणजे चार कुंड्या. म्हणून हा जांभ्याच्या जुन्या घरातला, लाल कोब्याचा खालचा ब्लॉक आणि मागची बाग बघितल्याबरोबर मी एजंटाला हो म्हणून टाकलं. "बाग तुमचीच समजा," काकू म्हणाल्या होत्या.

कसली आमची! आईने अळू लावलं, तर "अळवाने डास होतात." दोडक्याचा वेल चढवला, तर "माझी जाई गुदमरतेय." पातेरा जाळायचा नाही, कारण धूर वर येतो, साठवायचा नाही, कारण त्यात विंचू होतात. मग त्या वाळक्या पानांचं करायचं काय, खायची? हे मी मनात म्हणायचो. शिवाय काकू वयाने मोठ्या असून आईला 'आजी' म्हणत, ते आईला भयंकर झोंबायचं.

भाजीला लागेल असं ऊन बागेत एकाच जागी पडायचं आणि नेमका तिथे काकूंचा रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, उभा होता. पावसच्या माहेराहून बी आणून त्यांनी स्वतः रुजवलेला. कलम नव्हे, बीचं झाड. त्यामुळे नर निघणार की मादी, हे नशिबावर. झाड चांगलं वाढलं, दरवर्षी कळी यायची, पण फळ म्हणून एक नाही.

"काकू, हा नर हाय. ह्याला रातांबे नाय धरायचे," आईने खालून सांगितलं.

"धरतील. धरायला वेळ लागतो," वरून उत्तर आलं.

"अहो, म्हातारा झाला तो!"

"तुमच्या देवरूखला होत असतील लवकर म्हातारे!"

हे रोजचंच झालं. मी वैतागून गेलो होतो. एका संध्याकाळी ऑफिसातून आलो तर आई पिशवी भरून बसलेली. माझं डोकंच फिरलं. तसाच वर गेलो आणि काकूंना म्हणालो, "एवढीशी जागा दिली असतीत तर काय बिघडलं असतं? आई परत चाललीय, एकटी." त्यांनी माझ्यापुढे कोकमाचं सरबत ठेवलं. "विकतच्या सोलांचं आहे यंदा. पुढच्या वर्षी घरचं देईन." त्या बाईला काय म्हणावं! मग त्या भिंत धरत गॅलरीत गेल्या आणि ओरडल्या, "आजी! जाताय कुठे? रातांबे धरले की सोलं कोण करणार? माझे हात चालतात का आता?"

"धरणारच नाय तर सोलं कसली?" आई तावातावाने बागेत आली. पिशवी दारातच राहिली. रात्री ती मला म्हणाली, "आधी हिला पटवते, मग जाते." काकूंना काही पटलं नाही, आणि आई गेली नाही.

गेल्या दिवाळीनंतर काकूंचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. खुर्चीत बसवून खाली आणलं, तेव्हा त्यांनी खुर्ची झाडापाशी न्यायला लावली. बुंध्यावरून हात फिरवला. कितीतरी वर्षांनी त्या झाडाजवळ आल्या होत्या. मग आईकडे न बघता म्हणाल्या, "तोडा आता. भाजी लावा." आईने त्यांच्या पदराला लागलेलं वाळकं पान काढलं.

मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. पुढच्याच रविवारी मी झाड तोडायला गडी बोलावला. आईने त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. का, तर म्हणे कळी आलेलं झाड तोडू नये. मी चिडलो, बोललो. तिने ऐकून घेतलं आणि झाडाचं आळं खणायला बसली.

परवा काकूंचा फोन आला. आईने स्पीकरवर ठेवला. आवाज खोल गेला होता, ओळखूसुद्धा येईना.

"आजी, तोडलात?"

"नाय हो. कळी आलीय."

"मग... धरतील यंदा?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"धरतील, काकू. धरायला वेळ लागतो."

फोन ठेवून तिने झाडाला पाणी घातलं. मग गॅलरीकडे बघत मला म्हणाली, "बाजारात जातोस ना? दोडकी आण."