चार घरची जीप

शांतवनदादानं मला पहिल्यांदा त्याच्या जीपमध्ये बसवलं, तेव्हा त्यानं स्टीअरिंग डावीकडे फिरवलं आणि जीप उजवीकडे वळली. उजवीकडे जनावरांच्या घासाचा वाफा होता. आम्ही घासात गेलो.

तो खाली उतरला. पुढच्या चाकांकडे बराच वेळ बघत राहिला. मग मान हलवून म्हणाला, "वळती तर हाय."

मी मराठी साहित्यात एम.ए. केलं आहे. त्या वाक्याला मी मान डोलावली.

कोल्हारला रस्त्याच्या कडेला त्याचं गॅरेज आहे. पाटी ट्रॅक्टर दुरुस्तीची. पोट त्यावरच चालतं. जीव मात्र मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अडकलेला. तिथे तो वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचे भाग एकमेकांना जोडतो आणि चिखलात, वाळूत, उसाच्या सरीत चालेल अशी गाडी करतो. डांबरी रस्त्यावर ती न्यायची नाही, हा त्याचा स्वतःचा कायदा. सरकारचाही तोच आहे, पण दादा आपलाच आधी सांगतो.

या जोडाजोडीला तो सोयरीक म्हणतो.

"हे बघ साहित्यिक," एकदा तो जीपखालूनच म्हणाला. मला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. "चेसी लष्कराच्या लिलावातली. म्होरला एक्सल दुसऱ्या जीपचा. ब्रेक पिकअपचं. स्टीअरिंग टेम्पोचं. चार घरची मानसं एका पंगतीला बसवायची. सोपं हाय का?"

"आणि नाही जमलं त्यांचं तर?"

"मधी वायसर टाकायचा."

नगरच्या भंगार बाजारात त्याच्याबरोबर जाणं म्हणजे अख्खा दिवस मोडणं. ढिगातून एखादा तुकडा उचलायचा, हातात तोलायचा, बोटानं गंज खरवडायचा आणि विचारायचं, "तू कुटला रं?" दुकानदारांना सवय झाली आहे. माझ्याशी तो इतक्या आपुलकीनं क्वचित बोलतो.

घासातली भानगड त्यानं दुसऱ्या दिवशी मला समजावून सांगितली. पुढचं चाक एका सांध्यावर वळतं. त्या सांध्याला एक दांडा असतो. स्टीअरिंग तो ढकलतं नाहीतर ओढतं. जीपमध्ये हा दांडा एक्सलच्या मागे असतो. दादानं मात्र पिकअपचे सांधे बसवले होते, आणि पिकअपचा दांडा पुढे. म्हणून सगळं उलटं झालं.

"मग आता?"

"डावा सांधा उजवीकडं न्यायचा, उजवा डावीकडं. दांडा आपसूक मागं जातो."

खोललेल्या प्रत्येक भागावर खडूनं 'डावा', 'उजवा' लिहायची त्याची शिस्त आहे. तसं लिहून त्यानं ब्रेकचे कॅलिपर काढले. कॅलिपर म्हणजे चाकाची डिस्क चिमट्यासारखी धरणारा भाग. मग सांध्यांची अदलाबदल केली आणि कॅलिपर खडू बघून परत जागच्या जागी बसवले. डावा डाव्या चाकाला, उजवा उजव्या चाकाला. जीप आता सांगेल तिकडे वळू लागली. अगदी आखूड वळणावर टायर थोडे घासत.

"वाळूत कोन बघतंय," दादा म्हणाला.

बघणारं एक माणूस होतं. फिलोमिना वहिनी.

वहिनी दवाखान्यात नर्स आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी दादानं प्रेमानं तिच्या स्कूटरला भलत्याच कंपनीचा ब्रेक बसवून दिला होता. ब्रेक उत्तम लागला. स्कूटर जागेवर थांबली. वहिनी पुढे गेली. हनुवटीवरची खूण अजून आहे. तेव्हापासून दादानं जोडलेल्या कुठल्याही गाडीत ती बसलेली नाही. गावभर लोक त्याच्या गाड्यांतून उसात फिरून आले. बायको नाही.

तिचं माहेर प्रवरेच्या पलीकडच्या काठाला. राहीबाई, म्हणजे तिची आई, अंगणात कपडे वाळत घालते ते या काठावरून दिसतं. पण जायचं तर पुलावरून लांबचा फेरा. उन्हाळ्यात नदीत घोट्याएवढं पाणी असतं. जीप सरळ पलीकडे जाईल. ही जीप दादानं त्यासाठीच बांधायला घेतली होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मग एका रविवारी, उपासना संपल्यावर, चर्चच्या आवारात सगळ्यांसमोर सांगितलं.

"फिलो, ईस्टरला तुला नदीतनं माहेरी नेतो."

"कशातून?"

"जीपमधनं."

"मी पोहत जाईन."

लोक हसले. एडविनमामा, चर्चच्या मंडळीतले सगळ्यात ज्येष्ठ, हसता हसता खोकले. दादा नुसता उभा राहिला. वहिनीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बहुधा तिला वाटलं, आपलं फार झालं.

"बरं. एक अट," ती म्हणाली. "नदीच्या उतारावर, मधोमध, ब्रेकवर एकदा पाय ठेवायचा. एकदाच. थांबली, तर जन्मभर बसेन. दुसऱ्यांदा पाय मारावा लागला, तर मी तिथेच उतरणार. आणि पुन्हा ह्या गाडीचं त्या गाडीला जोडायचं नाही. ट्रॅक्टर करायचे. नुसते ट्रॅक्टर."

"मंजूर!" दादा म्हणाला.

"एडविनमामा, ऐकलंत ना?"

"सगळ्या मंडळीनं ऐकलं बाई," मामा म्हणाले.

 परतताना गॅरेज आल्यावर दादा म्हणाला, "लई बोललो का रं?"

"ट्रॅक्टरचं काम वाईट नाही, दादा."

"वाईट कोन म्हनतंय? पन ट्रॅक्टरला काय इच्यारायचं? त्याला सगळं त्याचंच लागतं." तो शेडकडे बघत होता. "ही सोयरीक गेली, की मग माझं काय ऱ्हातं?"

उतारावरची पहिली चाचणी त्यानं एकट्यानं घेतली. जीप मागून साखळीनं ट्रॅक्टरला बांधली होती. ट्रॅक्टरवर मी. एरवी चेष्टेत बोलणारा हा माणूस ब्रेकच्या बाबतीत वेगळा होतो. "इंजन बंद पडलं तर मानूस चालत घरी येतो," तो म्हणायचा. "ब्रेकचं तसं न्हाई."

जीप हळूहळू खाली निघाली. त्यानं ब्रेक दाबला. जीप चालतच राहिली. साखळी ताणली गेली, ट्रॅक्टरनं हिसका खाल्ला आणि माझी टोपी नदीकडे गेली. दादानं दुसऱ्यांदा पाय मारला तेव्हा कुठे चाकं धरली.

"दुसऱ्याला लागतो," मी ओरडलो.

"दिसतंय मला!"

पेडल स्पंजासारखं लागत होतं. म्हणजे ब्रेकच्या तेलात हवा. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. हवा बाहेर काढायला कॅलिपरवर एक छोटं निपल असतं. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं निपल सैल करायचं, तेलाबरोबर बुडबुडे येऊ द्यायचे, परत आवळायचं. मी आत बसलो.

"दाब. धर. सोड. दाब. धर. अरं धर म्हनलं की धरायचं, कविता वाचतो का काय आत?"

निपलमधून स्वच्छ तेल येत होतं. एकही बुडबुडा नाही. तरी पेडल मऊच. दादानं पाइप बदलले. तेल ढकलणारा वरचा पंप बदलला, तोही तिसऱ्याच गाडीचा. परत दाब, धर, सोड. पेडल तसंच. ईस्टर जवळ येत चालला. दादा जेवताना बोलेनासा झाला, हे वहिनीनंच मला सांगितलं. सांगताना तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी वहिनी ड्युटीवरून परस्पर गॅरेजमध्ये आली. घराची किल्ली दादाच्या खिशात होती. दादा जीपखाली आडवा, मी आत पेडलवर. ती दारातच उभी राहिली.

"अजून चाललंय?"

"हवा निघंना," जीपखालून आवाज आला.

"कुठून काढताय?"

"निपलमधनं. आनखी कुटनं?"

वहिनी वाकली. तिला किल्ली हवी होती, म्हणून वाकली असेल. वाकल्यावर तिला डिस्क दिसली, कॅलिपर दिसला, त्याच्या बुडाशी दादाचा पाना दिसला.

"हे खालून काढताय?"

"मग?"

"अहो, सिरिंजमधली हवा आम्ही सुई वर धरून काढतो. हवा वर जाते ना. खालून नुसतं औषधच येणार." मग टोमणा मारायचा राहू नये म्हणून, "खालून हवा काढणारा नर्सिंगच्या पहिल्या वर्षातच नापास होतो."

 जीपखाली पाना जमिनीवर पडल्याचा आवाज. मग शांतवनदादाचं हसू. आधी खुदखुदल्यासारखं, मग मोठ्यानं, मग डोकं एक्सलला आपटल्याचा आवाज, आणि तरी हसूच.

तो बाहेर आला. कपाळाला ग्रीस. कॅलिपरवर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'डावा'.

"ह्या खडूनं घात केला," तो म्हणाला.

सांध्यांची बाजू बदलली, तशी कॅलिपर धरणारी जागाही डिस्कच्या मागून पुढे आली होती. त्या जागी डावा कॅलिपर डावीकडेच बसवायचा तर तो उलटा करूनच बसतो. निपल तळाशी जातं. हवा वर अडकून राहते. सांध्याबरोबर कॅलिपरचीही अदलाबदल करायला हवी होती. ती त्याच्या शिस्तीनं होऊ दिली नव्हती.

"फिलो," तो म्हणाला, "तू आत्ता काय केलंस म्हाईत हाय का?"

 वहिनीच्या लक्षात आलं.

"अरे देवा," ती म्हणाली. "बोललेच नसते तर बरं झालं असतं." किल्ली घेतली आणि गेली. जाताना हसत होती, ते मला दिसलं.

डावा उजवीकडे गेला, उजवा डावीकडे. निपल वर आलं. मी पेडल दाबलं, आणि तेलाबरोबर इतकी हवा फसफसली की दादानं तोंड बाजूला केलं. मग पेडल दगडासारखं घट्ट झालं. त्यानं मला बाहेर ओढलं, स्वतः बसला, दाबून बघितलं, उतरला, परत बसला. शनिवारी साखळी बांधून उतारावर इतक्या वेळा नेली, की शेवटी ट्रॅक्टरवर मला झोप यायला लागली. साखळी एकदाही ताणली नाही.

ईस्टरची उपासना संपली आणि अर्धी मंडळी नदीच्या काठावर आली. वहिनी नवी साडी नेसली होती. ती जीपभोवती एक चक्कर मारून पुढे बसली. मी मागे.

"साखळी कुठंय?" तिनं विचारलं.

"सोडली."

"देवाचं नाव घ्या."

जीप उताराला लागली. मधोमध दादानं ब्रेक दाबला. एकदाच. जीप थांबली. एवढी थांबली, की मी पुढच्या सीटवर आदळलो. काठावरून टाळ्या आल्या. दादा वहिनीकडे बघत होता. बाकी कुणाकडेच नाही.

वहिनी समोर बघत होती. "उतरा," ती म्हणाली.

दादाचा चेहरा पडला. "का? थांबली की! एकदाच दाबला, ह्या साहित्यिकाला इच्यार."

"उतरा आणि इकडे या. तुमच्या पायाला थांबते, ते बघितलं. ब्रेक बनवणाऱ्याच्याच पायाला लागला तर काय उपयोग? माझ्या पायाला थांबते का बघू द्या."

तिच्याकडे चारचाकीचं लायसन्स होतं. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. हँडब्रेक ओढून दादा उतरला, तशी वहिनी स्टीअरिंगमागे सरकली. तो जीपला वळसा घालून डाव्या बाजूला आला आणि बसला. आपल्या गाडीत त्या बाजूला तो कधीच बसला नव्हता. कुठे धरायचं ते त्याला कळेना. शेवटी त्यानं समोरची दांडी धरली, दोन्ही हातांनी.

वहिनीनं हँडब्रेक सोडला. जीप निघाली. उतार सरत आला. खाली वाळू, पुढे पाणी. पलीकडे राहीबाई डोळ्यांवर हात धरून बघत होती.

"दाब," दादा म्हणाला.

वहिनीनं दाबला नाही.

"फिलो, दाब. अगं दाब की!"

"ओरडू नका. मी बघतेय."

"अगं पानी आलं! दाब, दाब, दाब!"

अगदी पाण्याच्या कडेला तिनं पाय ठेवला. जीप अलगद थांबली. पुढची चाकं ओल्या वाळूत जेमतेम टेकली.

"थांबते," वहिनी म्हणाली. तिनं गियर टाकला आणि जीप पाण्यात घातली.

काठावर कुणीतरी शिट्टी मारली. वहिनीच्या दोन्ही हातांखाली स्टीअरिंग सरळ होतं, आणि जीप सरळ चालली होती.  मी पुढे वाकून बघितलं. शांतवनदादाचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर गच्च दाबलेला होता. त्या बाजूला पेडल नव्हतं.